पेंटरच्या मापाची बंदूक

ऑफिसात तिला सगळे काटेबाई म्हणत. स्वभावाला काटे होते, खोटं कशाला बोला, पण नाव पडलं ते त्यामुळे नव्हे. तराजूचा काटा मधोमध ठेवणं ही तिची नोकरीच होती. तिची कंपनी कॉम्प्युटरवर खेळायचा एक लढाईचा खेळ चालवायची. त्यात दोन फौजा होत्या, एक टेकडीवाल्यांची आणि एक बंदरवाल्यांची. कुठून कुठून माणसं आपापल्या घरी खुर्चीत बसून, कानाला हेडफोन लावून, एकमेकांवर बंदुका रोखायची. सीझनच्या सुरुवातीला एकदा बाजू निवडली की सीझन संपेपर्यंत बदलता येत नसे. दोन्ही बाजूंची हत्यारं वेगवेगळी. कुणाचं हत्यार किती जोरात लागावं, किती लांब जावं, पुन्हा भरायला किती वेळ घ्यावा, हातात किती हलावं, हे सगळे आकडे काटेबाई ठरवायची. एक बाजू सारखी जिंकायला लागली की तिच्या पारड्यातून चिमूटभर काढायचं आणि दुसरीच्या पारड्यात टाकायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. दोन सुनांच्या सासूलाही एवढं ऐकून घ्यावं लागत नसेल. टेकडीवाल्यांची खात्री होती की ही बाई बंदरवाल्यांना फितूर आहे. बंदरवाल्यांची खात्री होती की हिचं माहेरच टेकडीवर असणार. एकाच बदलाबद्दल दोन्हीकडून शिव्यांची पत्रं यायची आणि ती डबा खाता खाता शांतपणे वाचायची. शिव्या दोन्हीकडून सारख्या आल्या म्हणजे काटा मधोमध आहे, असा तिचा हिशेब होता. आणि गंमत बघा, बंदरवाले म्हणत होते ते अगदीच खोटं नव्हतं.

तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल तिच्या आईचं जे मत आहे ते लिहायला वेगळं पुस्तक लागेल. ती आईवडिलांजवळ राहायची, तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांत. मधल्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी तिचे वडील बसलेले असत. चहा झाला की बसायचे, ते जेवायला हाक मारली तरच उठायचे. ते पक्के टेकडीवाले होते.

अप्पा म्हणजे पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, तसं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. पाट्या रंगवणारे. दुकानाच्या, दवाखान्याच्या, गॅरेजच्या, शाळेच्या. हाताखाली काठी टेकवून, ब्रश बोटांत धरून, दम रोखून रेघ ओढायची ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची तेव्हा तिला बजावून ठेवलेलं असे की रेघ चालू असताना बोलायचं नाही. ती सुद्धा नकळत श्वास रोखून बसायची, आणि रेघ संपली की बापलेक एकदमच श्वास सोडायचे. त्याचं दोघांनाही हसू यायचं.

मग हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायला लागला, मग सही वाकडी व्हायला लागली, आणि शेवटी एका चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर आडवी रेघ मध्येच लचकली. दुकानदार भला माणूस, म्हणाला, चालतंय हो, कोण बघतंय. तेच अप्पांना लागलं. ब्रश धुऊन, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवले ते ठेवलेच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. अप्पा उजवा हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, बसलोय, दिसतंय ना.

नेमका त्याच दिवसांत खेळ तयार होत होता. टेकडीवाल्यांसाठी एक लांब बंदूक ठरली होती. एका वेळी एकच बार, मग खटका ओढायचा, पुन्हा बार. खेळणाऱ्यांनी पुढे तिचं नाव लांबडी पाडलं. अशी संथ बंदूक कोण घेणार, म्हणून तिला एक सोय दिली होती. एक बटण दाबलं की पडद्यावरचा सैनिक दम धरतो, आणि तेवढा वेळ बंदूक हलत नाही. खेळणाऱ्याच्या हाताचे बारीकसारीक हेलकावेही तेवढ्यापुरते पोटात घालते. ही कल्पना कुठून आली ते सांगायला नकोच. दम किती वेळ टिकायचा आणि किती थरथर पोटात घालायची, हे दोन आकडे तेवढे ठरायचे होते.

तिने तो अर्धाकच्चा खेळ घरी आणला आणि अप्पांसमोर ठेवला. म्हणाली, जरा बघा ना, आमच्याकडे सगळे पोरसवदा आहेत, मोठ्या माणसाला कसं वाटतं ते कळेल. अप्पा नाही म्हणाले, हो म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले, मग बसले. खेळात समोरच्या कुंपणावर एक डबा ठेवला होता. अप्पांच्या हाताने तो काही लागेना. तिने दम थोडा वाढवला. लागेना. थरथर अजून जरा पोटात घातली. ती शेजारी बसून आकडे फिरवत राहिली आणि तो डबा कुंपणावर तसाच उभा राहिला. मग एकदा टण्ण आवाज झाला आणि डबा उडाला. अप्पा "लागली" म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी मांडीखालचा हात स्वतःहून वर काढून पाहिला.

ते आकडे तिने तसेच ऑफिसात नेले. मनात होतं की नंतर चारचौघांच्या हातांनी तपासून घेऊ. पण हाताखाली इतर पन्नास हत्यारं होती, खेळ बाजारात आणायची घाई होती, आणि जो तो म्हणत होता की लांबडी हाताला काय छान बसते. एका थरथरत्या हाताच्या मापाने बेतलेली बंदूक अशी साऱ्या टेकडीच्या फौजेला मिळाली. तिच्या धंद्यातल्या माणसाने करू नये अशी एकच चूक असेल तर ती हीच, आणि ती तिने डोळे उघडे ठेवून केली. वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती ना, मग आकड्यांकडे कोण बघणार.

पहिली दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. संथ बंदूक, कोण वापरतो? अप्पांसारखी थोडी चिवट माणसं वापरायची. अप्पांना एक टोळी मिळाली. कुणी रात्रपाळीची नर्स, कुणी ट्रकवाला, कुणी कॉलेजातला मास्तर. सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. "पेंटर, घंटाघर तुमच्याकडे," असं कानात आलं की अप्पा खुर्चीत पुढे सरकायचे. तासन्‌तास एका खिडकीआड दबा धरून बसायचे, आणि बरोबर वेळेला एकच बार. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, घरात युद्ध नको म्हणून मी जन्मभर तोंड शिवून बसले, आणि आता हे ठो ठो पैसे भरून घरात आणलंय. पण अप्पा पुन्हा स्वतःची दाढी स्वतः करायला लागले होते, पाहुण्यांसमोर चहा घ्यायला लागले होते, तेव्हा तिची कुरकुर काही खरी नव्हती. ऑफिसात लेक नक्की काय करते ते अप्पांनी कधी खोदून विचारलं नाही. कॉम्प्युटरचं काहीतरी, म्हणायचे.

मग घट्ट हातांच्या पोरांना लांबडी सापडली. अहो, थरथरत्या हाताला जी सरळ चालते, ती घट्ट हातात काय करेल? नुसता कहर. टेकडीवरून एकेक असा नेम लागायला लागला की बंदरवाल्यांना बोटीतून पाय काढायची सोय उरली नाही. नवा सीझन आला की जो तो टेकडीच निवडायचा. बंदराच्या बाजूला माणसंच मिळेनात, आणि समोर माणूस नसेल तर लढणार कुणाशी? अप्पांच्या पडद्यावर "प्रतिस्पर्धी शोधत आहोत" एवढंच यायचं आणि अप्पा माउसवर हात ठेवून तसेच बसून राहायचे. संध्याकाळी ती घरी आली की विचारायचे, काय गं, तुमच्या खेळाला झालंय काय, कुणी यायलाच तयार नाही.

तिला काय झालंय ते चांगलं माहीत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. लांबडी तशीच ठेवली तर खेळ मरतो, आणि अप्पांची खुर्ची पुन्हा नुसती खिडकीशी लागते. लांबडीचा दम कमी करून ती उतरवली तर खेळ जगतो, पण अप्पांच्या हाताला तो खेळता येत नाही. कुठूनही मोजा, एका पारड्यात अप्पाच होते आणि दुसऱ्यातही अप्पाच.

मॅनेजर एक दिवस तिला काचेच्या खोलीत घेऊन बसला. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम कुजबुजत बोलायचा, जणू भिंतीपलीकडे कुणी झोपलंय. मालकांनी सांगितलंय, म्हणाला, पुढच्या सीझनला बंदर भरलं नाही तर खेळ गुंडाळायचा. तिने धीर करून एक तोड सुचवली. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये वेगळं बटण देऊ, दम लांब करण्याचं. मॅनेजर हसला सुद्धा नाही. म्हणाला, अहो, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ते बटण प्रत्येक घट्ट हाताच्या पोराने दाबलेलं असेल. खरं तर ते बटण तिने लांबडीच्या रूपाने सगळ्यांना आधीच दिलेलं होतं आणि त्याचं काय झालं ते समोरच्या आलेखावर दिसत होतं.

मग कसं करायचं ते ठरलं. मागे एकदा टेकडीवाल्यांची तोफ जाहीर करून उतरवली होती, तेव्हा नुसता गदारोळ झाला होता, कितीतरी जण खेळ सोडून गेले होते. तेव्हा या खेपेला झाकली मूठ सव्वा लाखाची. बदलांच्या यादीत काही लिहायचं नाही, बाहेर कुणाशी बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. मॅनेजरला दम एकदम निम्मा हवा होता. एकदम नको, असं तीच म्हणाली. दर अपडेटला चिमूट चिमूट काढू, हातांना सवय होत जाईल. मॅनेजरला वाटलं, काय धोरणी बाई आहे. तिच्या डोळ्यांपुढे हात एकच होता. हळूहळू उतरवलं तर अप्पाही हळूहळू जुळवून घेतील, एवढाच तिचा विचार होता. त्यात माया होती हो, दुसरं काही नव्हतं. पण मायेने केलेलं सगळंच अंगाला लागतं असं थोडंच आहे.

पहिली चिमूट निघाली तेव्हा अप्पा माउसला बोलले. दुसरीला त्यांनी टेबलाचा पाय हलतोय असं ठरवलं, आणि आईने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारली. मग चष्मा पुसून झाला, खुर्ची बदलून झाली, कॉम्प्युटरचा पडदा उजेडाकडून अंधाराकडे फिरवून झाला. काटेबाई रोज घरी येऊन हे बघायची. सांगताही येत नाही आणि सहनही होत नाही. जेवताना अप्पा काही म्हणाले की ती पाण्याचा तांब्या आणायला उठायची.

टोळीतली माणसं चांगली होती, तेच अवघड झालं. कुणी रागावलं नाही. नर्स म्हणायची, पेंटर, तुम्ही राहू द्या, याला मी बघते. घंटाघर हळूहळू दुसऱ्या कुणाकडे गेलं. लांबडी सगळ्यांचीच उतरली होती, पण ज्यांचे हात घट्ट त्यांचे थोडेच नेम जास्त चुकायचे, ते त्यांना जाणवायचंही नाही, म्हणून कुणाला वाटलंच नाही की बंदुकीत काही खोट आहे. अप्पा आधी बोलायचे कमी झाले, मग हेडफोनचा माइक वर वळवून ठेवायला लागले.

आणि एक दिवस त्यांनी दाढीचं सामान आईच्या हातात दिलं. म्हणाले, तूच कर, माझ्याने कापेल. त्यानंतर चहा अर्धा कपच द्यायला लावला. शर्टाची बटणं लावून घ्यायला लागले. बँकेचा कागद आला तेव्हा सहीऐवजी अंगठा चालेल का म्हणून विचारलं. आई गडबडली. तिला वाटलं आजाराने उचल खाल्ली. फक्त काटेबाईला दिसत होतं की कप पूर्वी जेवढा वाजायचा तेवढाच वाजतोय. हात जिथल्या तिथे होता. पण आजार पुढे जातो तो असाच जातो ना, हळूहळू, चिमूट चिमूट, कुणाला न कळता. तिने बंदूक नेमकी त्याच चालीने उतरवली होती. एका झटक्यात काढली असती तर अप्पांनी कंपनीला शिव्या घातल्या असत्या आणि मोकळे झाले असते. आता ते स्वतःच्या हाताला दोष देत होते, आणि तो दोष खरा मानून एकेक काम त्यांनी सोडून दिलं होतं.

डॉक्टरबाईंकडे तिघं मिळून गेले. बाई अप्पांना दर वेळेला कागदावर मधून बाहेर फिरत जाणारी एक गोल गोल रेघ काढायला सांगायच्या, गोगलगाईच्या पाठीसारखी. अप्पांनी ती काढली. बाईंनी फाइलमधली जुनी रेघ काढून शेजारी ठेवली आणि चष्मा वर करून दोन्ही पाहिल्या. म्हणाल्या, मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. मग अप्पांना विचारलं की तुम्हाला नक्की काय बिघडलंय असं वाटतं.

"दम धरवत नाही आता," अप्पा म्हणाले. "लवकर सुटतो."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी छाती तपासली. आईने मध्येच दाढीचं, बटणांचं, सहीचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, कागदावर दिसत नसलं तरी रोजच्या कामात फरक पडतोय ना, मग गोळी अर्धीने वाढवून बघू, पण चक्कर येऊ शकते, जपायचं. काटेबाई खुर्चीच्या कडेला बसून त्या दोन सारख्या रेघांकडे बघत होती. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. कंपनीला दिलेलं वचन आठवलं, पण ते काही खरं कारण नव्हे, नोकरीची एवढी भीती तिला कधीच नव्हती. बंदूक उतरवली असं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, आधी ती इतकी चढवली कुणी? त्याचं उत्तर दिलं की अप्पांची ती दोन वर्षं जाणार. घंटाघर, टोळी, पेंटर हे नाव, सगळं. ती चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानाकडे निघाली.

घरातल्या गोळ्या तीच बघायची, आईला बारीक अक्षर दिसत नसे. संध्याकाळची एक गोळी होती तिथे आता दीड झाली. ती ब्लेडने अर्धी करायची, डबीत ठेवायची आणि जेवणानंतर अप्पांच्या तळव्यावर द्यायची. आठवडाभरात अप्पा दुपारी बसल्या बसल्या पेंगायला लागले. उठताना भिंत धरायला लागले. एकदा न्हाणीघराच्या दारात त्यांचा तोल गेला, आईने कसंबसं सावरलं. आई त्या दिवशी ओट्याशी उभी राहून रडली, आणि म्हणाली, हे एवढ्या लवकर होईल असं नव्हतं वाटलं गं. तेव्हा मात्र काटेबाईला राहवलं नाही.

सुट्टीचा दिवस बघून, आई बाजारात गेल्यावर, ती मधल्या खोलीत गेली. अप्पा खेळत होते. ती शेजारच्या स्टुलावर बसली, तेच स्टूल, ज्यावर बसून तिने आकडे फिरवले होते.

"अप्पा, तुमचा हात बिघडलेला नाही," ती म्हणाली. "लांबडी बिघडवलीय. मी बिघडवलीय."

अप्पांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग तिने सगळं सांगितलं. आपण काय काम करतो ते, बंदर रिकामं का झालं ते, चिमूट चिमूट दम कसा काढला ते. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पुठ्ठ्याच्या त्या घडीकडे बघत होती. अप्पांनी हात वर केला, उलटा केला, सुलटा केला. चोरीचा आळ घेऊन ज्याला घराबाहेर काढलं त्याच्याकडे ती वस्तू नव्हतीच असं कळावं, तसं त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण जन्मभर मापाने काम केलेला माणूस, त्याचं डोकं पुढे चालणारच.

"आणि आधी?" त्यांनी विचारलं. "आधी दम एवढा लांब कुणी ठेवला होता?"

तिने ती पुठ्ठ्याची घडी पायाने आणखी आत सारली.

"तो कुंपणावरचा डबा," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी तू इथे बसून काहीतरी टकटक करत होतीस."

तिने मान हलवली. मग घाईघाईने म्हणाली की बंदूक सगळ्यांकडे तीच होती, तुमच्या एकट्याकडे नव्हती, कुठे बसायचं आणि कधी मारायचं ते तर तुमचंच होतं. हे खरंच होतं, पण खरं असूनही ते समजूत काढल्यासारखंच ऐकू आलं. अप्पा म्हणाले, अंगाच्या मापाने शिवलेला सदरा अंगाला बसला, तर त्यात अंगाचं काय कौतुक. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. लहानपणी तिने एकदा त्यांच्या रंगाच्या डब्यात पाणी ओतलं होतं, तेव्हा ते केवढे ओरडले होते. आता ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांचा हात आपसूक मांडीखाली गेला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, डॉक्टरबाईंना आपण सगळं सांगू आणि ती वाढवलेली अर्धी गोळी बंद करून घेऊ. ती घ्यायचं काही कारणच नाही, तुम्हाला उगाच चक्कर येते.

"नाही," अप्पा म्हणाले.

तिला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"काल दोनदा लागली," अप्पा म्हणाले. "या उतरवलेल्या बंदुकीने. गोळी वाढल्यापासून हात जरा थाऱ्यावर येतो. काल लागली ती तुझ्या मापाने नव्हती लागली."

"अप्पा, तुम्ही पडाल."

"बसून खेळतो मी."

"न्हाणीघरात बसून जाता का?"

अप्पा यावर किंचित हसले, पण ऐकले नाहीत. "बंदूक पूर्वीसारखी करशील?" त्यांनी विचारलं. जन्मात त्यांनी लेकीकडे काही मागितलं नव्हतं, हे पहिलंच. नाही म्हणायला तिला किती वेळ लागला कोण जाणे. केली तर बंदर पुन्हा ओस पडेल, खेळ बंद होईल, असं काहीतरी ती पुटपुटली. अप्पांनी मान डोलावली, जणू हिशेब त्यांनाही मान्य होता. समोर कुणी न येता बसून राहणं त्यांनी भोगलेलं होतं.

"तुला बंदूक पूर्वीसारखी करता येत नाही," ते म्हणाले, "तर हात तरी मला करू दे."

डॉक्टरांना मी सांगणार, ती हट्टाने म्हणाली. सांग की, अप्पा म्हणाले, पण त्या तुला नाही, मला विचारतील, आणि मी सांगेन की गोळीने बरं वाटतंय. मग खालच्या जिन्यात आईची पावलं वाजली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. अप्पांनी हेडफोन उचलला, आणि कानाला लावायच्या आधी हळूच म्हणाले, "तुझं तू माझ्यापासून एवढे दिवस लपवलंस ना? आता माझं हे गोळीचं थोडं आईपासून लपव." आई पिशव्या घेऊन आत आली तेव्हा दोघंही पडद्याकडे बघत होते. आज अगदी बापलेकीचं गूळपीठ दिसतंय, असं म्हणून ती भाज्या निवडायला बसली.

नवा सीझन सुरू झाला तेव्हा बंदर भरलं होतं. मॅनेजरने सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि भिंतीवर आलेख दाखवला. टेकडी आणि बंदर, दोन रेघा जवळजवळ एकीवर एक. खेळ चालू राहणार होता. मॅनेजर कुजबुजत म्हणाला, एवढी मोठी बंदूक उतरवली आणि कुणाला कळलंसुद्धा नाही, याला म्हणतात हात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी शिव्यांची पत्रंही दोन्हीकडून सारखी आली होती. तिने एकही उघडलं नाही.

घरी आली तेव्हा अप्पा टेबलाशीच होते. माइक खाली वळवलेला होता आणि ते कुणाशी तरी बोलत होते, सावकाश, शब्द जरा जड पडत होते. घंटाघर मिळालं नव्हतं, पण पुलाजवळची एक पडकी भिंत मिळाली होती. दाढी त्यांनी स्वतः केली होती. हनुवटीखाली थोडे केस राहिले होते, आणि कपाळावर खोक पडून त्याची खपली धरली होती. आई म्हणाली, कपाटाचं दार लागलं म्हणे. काटेबाईने त्या दाराकडे पाहिलं आणि ताटं घ्यायला गेली.

जेवणं झाल्यावर तिने डबी काढली. अप्पांनी हात पुढे केला. एक गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवून तिने डबीचं झाकण लावलं. आई पाठमोरी भांडी घासत होती.

अप्पांनी हात मागे घेतला नाही. तो तसाच हवेत थरथरत राहिला, पूर्वी थरथरायचा त्यापेक्षा थोडा कमी.

"अर्धी राहिली," ते म्हणाले.

तिने झाकण उघडलं.